जावेची डावी पोटरी

माझी मुलगी पहिल्यांदा आवाजासकट हसली ती माझ्याकडे बघून नाही, माझ्या जावेकडे बघून.

मी स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होते. बाहेरून विचित्र आवाज आला. मला वाटलं, दूध घशात अडकलं. चिमटा हातात तसाच धरून धावले, तर जाऊ जमिनीवर मांडी ठोकून बसलेली, माझी गुंडी तिच्यासमोर उशीला टेकलेली, आणि जाऊ कवळीचे दोन जबडे हातात धरून कटाकटा वाजवत होती. कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवायच्या कारखान्यात ती काम करते. कुणाच्या तरी तोंडात न बसलेली एक कवळी तिने घरी आणली होती. जबडे वाजले की गुंडी हसायची. पोट हलवून, हिरड्या दाखवून, एखाद्या म्हातारीसारखी.

“ताई, हसली! ऐकलंस ना? आवाज काढून हसली!”

“असलं भुताटकीचं काही दाखवू नकोस तिला. झोपेत दचकेल,” मी म्हटलं.

“दचकेल तेव्हा दचकेल. आत्ता हसतेय ना?” सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःही हसायला लागल्या.

चार महिने मी त्या हसण्याची वाट बघत होते. टाळ्या वाजवून झाल्या, शिट्ट्या मारून झाल्या, डोळे तिरळे करून झाले. माझ्याकडे बघताना गुंडी परीक्षकासारखा चेहरा करायची. आणखी काय येतं ते दाखवा, अशी. आणि हिला एका बिघडलेल्या कवळीवर हसू मिळालं.

खोटं कशाला बोलू, मी जावेला पाण्यात पाहत होते. लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून थोडं, आणि गुंडी झाल्यापासून चोवीस तास. माझ्यापेक्षा ती पाच वर्षांनी लहान, सव्वीसची. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर आहे, त्यामुळे यावरचे सगळे विनोद आमच्याकडे करून संपलेत. बहात्तर पायऱ्या आहेत. बाळंतपणात माझं पोट फाडावं लागलं. घरी आले तेव्हा प्रत्येक वळणावर टेकत, भिंत धरत मी वर चढले होते. जाऊ दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत यायची, गाणं गुणगुणत. दाराशी आली तरी तिचा श्वास जागच्या जागी. मला तिच्या त्या श्वासाचासुद्धा हेवा वाटायचा.

सासूबाई मला ‘सूनबाई’ म्हणतात, तिला ‘पोरी’. मी हे कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण मोजलं आहे.

मोजण्याची मला सवयच आहे. दीर मला ‘दुर्बीण’ म्हणतो. “वहिनी, आपल्या घरात उंदीर शिरला तर राजीनामा देऊन जाईल.” गुंडी किती वाजता प्यायली, किती झोपली, किती वेळा ओलं केलं, याची मी वही ठेवते. डॉक्टरीणबाईंनी पहिले पंधरा दिवस ठेवा म्हटलं होतं; मी पाचवा महिना लागला तरी ठेवत होते. त्यात ‘झोप’ या रकान्याच्या पुढे मी कुणाला न सांगता आणखी एक बारीक रकाना आखला होता: कोणाच्या कुशीत. ‘मी – पस्तीस मिनिटं. काकू – दोन तास दहा.’ पानामागून पानं अशी. नवऱ्याने एकदा वही उघडली आणि म्हणाला, “अगं, ही पोरगी आहे की क्रिकेटचा सामना?”

काळजी मला सगळ्याचीच वाटायची, पण बाळंतपणानंतर एका गोष्टीची फार. इस्पितळातून निघताना नर्सने एक पत्रक दिलं होतं. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, यातलं काही झालं तर ताबडतोब या. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. तरुण बायकांनाही होतं. बाळंतपणानंतर, खूप बसून राहिल्यावर, काही गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना. ते पत्रक मला तोंडपाठ झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडून मी मापाची टेप मागून आणली आणि रोज सकाळी स्वतःच्या दोन्ही पोटऱ्या मोजायला लागले. उजवी साडेतेरा इंच, डावी साडेतेरा. सहा आठवडे पुरे होते. मी चार महिने मोजल्या. शिंपीणबाई टेप परत मागायच्या थांबल्या.

घरात आणखीही दोन पाय होते, तेही तरुण बाईचेच, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या हसण्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीत गेले. गुंडीचा मोजा शोधायला गेले, असं म्हणता येईल, आणि एक मोजा खरोखर हरवलाही होता. पण मोजा कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, रुमालांच्या मागे नसतो, एवढं मलाही कळतं. तिथे गोळ्यांची पाकिटं होती. एकवीस-एकवीस गोळ्यांची, वर वारांची नावं. दोन रिकामी, तिसरं अर्धं. म्हणजे अडीच महिने झाले होते.

मी खाली बसले. सासूबाई चार महिने तिच्या मागे होत्या. “आता तुझंही होऊन जाऊ दे पोरी, दोन्ही भावंडं बरोबरीने वाढतील.” आणि ती मान खाली घालून हसायची. दीरही म्हणायचा, “आई, होईल तेव्हा होईल, आम्ही काय दुकानातून आणणार आहोत का?” त्यालाही माहीत नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. त्याच्या चेहऱ्यावर काही लपून राहत नाही.

मी पाकिटं जशी होती तशी ठेवली, रुमालांच्या घड्यासुद्धा तशाच. आणि खूप दिवसांनी मला गाढ झोप लागली. हुकमाचा एक्का हातात आला की माणूस पत्ते शांतपणे खेळतो. ज्या दिवशी सासूबाई फारच ‘पोरी पोरी’ करतील, त्या दिवशी हळूच टाकायचा. घाई नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात तिच्या कारखान्यात मोठं काम आलं. सकाळी आठला जायची ते रात्री आठलाच यायची. “दहा तास एका स्टुलावर,” ती सांगायची. “पाणीसुद्धा पीत नाही, नाहीतर उठावं लागतं. आज बावीस जबडे केले, ताई. माझ्या स्वप्नात लोक हसतात.” रविवारी सुट्टी होती तेव्हा ती किंचित लंगडत होती. मोजे काढले तर डाव्या पायावर मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ खोल उमटला होता, उजव्यावर नुसती रेघ. मी दोन्ही पाहिले. मला वाटलं, आता हिचे पाय दुखणार, मग सगळे हिच्याभोवती गोळा होणार.

सोमवारी तिने गुंडीला घेतलं नाही. “ताई, आज नको, पाय फार भरून आलाय.” मी वहीत लिहिलं: ‘काकू – घेतली नाही. पाय म्हणे.’ त्या ‘म्हणे’वर मी दोनदा पेन फिरवलं होतं.

मंगळवारी सासूबाईंनी शोध लावला. मला स्वयंपाकघरात ओढून, कानाशी येऊन म्हणाल्या, “सूनबाई, तुझ्या लक्षात आलं की नाही? चढताना दमते. चेहरा उतरलाय. पायात गोळे येतात. मला दोन्ही वेळा अस्संच झालं होतं.”

“कसलं?”

“अगं, दिवस गेलेत तिला! कुणाला बोलू नकोस. तिची ती सांगेल.”

माझ्या ओठांवर आलं होतं. एक्का टाकायची वेळ हीच, असं वाटलं. पण मग वाटलं, चढू दे यांना आणखी थोडं उंच. जितक्या उंच चढतील तितक्या जोरात पडतील. मी म्हटलं, “असेल हो आई.”

त्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी तिला पलंगावर आडवं केलं, तिचा डावा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, तेल कोमट केलं आणि पोटरी चोळायला बसल्या. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, अंगठे रुतवून. जाऊ “आई, नको, दुखतंय” म्हणत होती, सासूबाई “दुखणारच, गोळा मोडतोय” म्हणत होत्या. मी दाराच्या चौकटीत गुंडीला घेऊन उभी होते. माझ्या बाळंतपणात माझे पाय भोपळ्यासारखे सुजले होते. त्यांना कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. मला रडू आलं, ते लपवायला मी गुंडीच्या पोटात तोंड खुपसलं. तिला वाटलं मी खेळतेय.

बुधवारी ती वर येताना दोनदा थांबली. मला पावलं ऐकू येतात. दाराच्या आत बसून मी रोज ऐकायचे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबली, तिसऱ्याच्या वळणावर थांबली. घरात आल्यावर बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडत होती. कारखान्याच्या डॉक्टरांनी स्नायू आखडला म्हणून मलम दिलं होतं. रात्री तिने दोन उशा मागितल्या. मी मनात म्हटलं, थकल्याचं नाटक तरी किती करावं माणसाने.

गुरुवारी दुपारी सासूबाई डोळे तपासायला गेल्या होत्या. नवरा दुसऱ्या गावी कामावर होता. सव्वातीनला खालचं लोखंडी दार वाजलं आणि तिची पावलं ऐकू आली. ती अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आली होती. गुंडीने मान वळवली. ती पावलं ओळखते. हातपाय हलवत दाराकडे झेपावायला लागली. माझ्या हातातून, दुसऱ्या कुणाच्या तरी दिशेने.

पावलं तिसऱ्या मजल्याच्या पुढच्या वळणावर थांबली. पुढे काही नाही.

फोनवर बोलत असेल, असं मला वाटलं. किंवा शिंपीणबाईंशी. किंवा मी दार उघडून “अगंबाई, काय झालं” म्हणत खाली धावावं, याची वाट बघत असेल. मी धावणार नव्हते. मी गुंडीला सतरंजीवर ठेवलं आणि वाळलेल्या लंगोटांच्या घड्या घालायला लागले. कोपऱ्याला कोपरा जुळवून. नऊ लंगोट होते. नववा झाला तरी जिन्यात शांतता होती. तिचं गुणगुणणं नव्हतं, बोलणं नव्हतं, हसणं नव्हतं. तेव्हा कुठे मी गुंडीला उचललं आणि दार उघडलं.

ती पायरीवर बसली होती, कठड्याला डोकं लावून. ओठ राखेच्या रंगाचे. घामाने केस कपाळाला चिकटलेले. खांदे वर-खाली होत होते, पण हवा कुठे जातच नसावी.

“ताई,” ती म्हणाली. मग थांबली. “पुरत. नाहीये.”

“काय पुरत नाही?”

“श्वास.”

मी काय ओरडले ते आठवत नाही, पण शिंपीणबाई तोंडात टाचण्या धरलेल्या अवस्थेतच बाहेर आल्या. त्यांनी टाचण्या हातावर थुंकल्या, जावेला काखेतून धरलं आणि म्हणाल्या, “चालवायचं नाही हिला. खुर्ची आणा.” त्या आणि त्यांची शिलाईवाली, दोघींनी तिला खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. मी मागे गुंडीला घेऊन. रुग्णवाहिका यायला बारा मिनिटं लागली.

इस्पितळात दीर आमच्या आधी पोहोचला होता, छपाईची शाई हातावर तशीच. सासूबाई पाठोपाठ आल्या, डोळ्यांत औषध घातलेलं, बाहुल्या मोठ्या झालेल्या, कुणाचंच तोंड धड दिसत नसलेल्या. तातडीच्या विभागात पडदे लावून केलेल्या खोल्या होत्या. डॉक्टर तरुण होते, बहुतेक माझ्याच वयाचे. पडद्यापलीकडे कुणीतरी पाय मोडून आलं होतं, त्याच्या किंकाळ्यांमुळे त्यांना प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागत होता.

“कधीपासून होतंय?”

“आत्ताच,” जाऊ मास्कमधून म्हणाली. “बरं. वाटतंय. आता.”

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख बघितला. “ठोके जलद आहेत. बाकी छाती साफ वाटतेय. कामाचा ताण आहे का? झोप?”

“फार काम करते हो,” दीर म्हणाला. “पण तिला कधी काही होत नाही. ती धावते, चढते. ही आमच्या घरातली सगळ्यात धडधाकट आहे.”

“घाबरल्यावर असा श्वास वाढतो. तरुण मुलींमध्ये आम्ही रोज बघतो. ऑक्सिजन थोडा कमी आहे, तो लावून ठेवू, रक्त तपासू—”

“डॉक्टर, मी सांगते,” सासूबाई पुढे झाल्या. आणि हलक्या आवाजात, पण पडद्यापलीकडच्या मोडक्या पायालाही ऐकू जाईल असं म्हणाल्या, “तिला दिवस गेलेत.”

दिराचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. त्या सगळ्या धावपळीत, त्याच्या बायकोचे ओठ राखाडी असताना, तो हसला. “खरंच? अगं, खरंच?”

जावेने डोळे मिटले.

“तसं असेल तर तपासू,” डॉक्टर म्हणाले. “गोळ्या-औषधं कुठली चालू आहेत?”

“कसली नाहीत,” दीर म्हणाला. “डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही ती.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने एकदा सासूबाईंकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. नाही.

ते लिहायला लागले. ‘औषधे – नाही.’ मला अक्षर उलटं दिसत होतं तरी वाचता आलं.

आणि त्या क्षणी ते पत्रक माझ्यासमोर उभं राहिलं. सगळ्या ओळी ओळीने. एकाच पायाला सूज. पोटरीत दुखणं. खूप बसून राहणं. गोळ्या. धाप. मी ते शंभरदा वाचलं होतं आणि शंभरही वेळा स्वतःच्याच पायांकडे बघितलं होतं.

बोलायला मला किती वेळ लागला ते सांगते, कारण तेच सांगायला मी हे लिहायला बसले. आधी मला असं वाटलं की बोलले तर मी तिच्या कपाटात हात घातला हे कळेल. मग वाटलं की दीर आत्ताच हसलाय. मग वाटलं, डॉक्टर आहेत ते, त्यांचं ते शोधतील, मी कोण? आणि या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, एक बारीकसा विचार होता की ही नसेल तर गुंडी कोणाकडे बघून हसेल. तो मी पूर्ण होऊ दिला नाही. पण तो सुरू झाला होता, हे मला माहीत आहे.

“ती गोळ्या घेते,” मी म्हटलं.

“कोण?” डॉक्टरांनी वर पाहिलं.

“ही. मूल होऊ नये म्हणून असतात त्या. अडीच-तीन महिने झाले. एकवीसचं पाकीट.”

पडद्यापलीकडचा माणूससुद्धा नेमका तेव्हा गप्प झाला.

“वहिनी, काहीतरी काय बोलताय?” दीर म्हणाला.

“मला बोलू द्या भाऊजी. डॉक्टर, हिचा डावा पाय रविवारपासून सुजलाय. फक्त डावा. मोज्याचा वळ दोन्ही पायांवर वेगळा होता. त्याआधी आठ दिवस ही रोज दहा तास बसून काम करत होती, उठतच नव्हती. सोमवारी पाय भरून आला म्हणाली. मंगळवारी तो पाय चोळला, तेल लावून, जोरात. बुधवारी जिन्यात दोनदा थांबली. एरवी ही दोन-दोन पायऱ्या टाकत येते. रात्री आडवं झोपवेना, दोन उशा घेतल्या. आणि हे आत्ताचं नाहीये, सव्वातीनचं आहे. मला पावलं ऐकू आली. मी दार उशिरा उघडलं.”

गुंडी माझ्या खांद्यावर झोपली होती. आश्चर्य म्हणजे त्या सगळ्या गोंधळात.

डॉक्टरांनी पांघरूण बाजूला केलं. दोन्ही पाय शेजारी शेजारी दिसले आणि मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी दोन्ही पोटऱ्यांना टेप लावली. उजवी तेरा, डावी पंधराच्या थोडी आत. त्यांचा आवाज बदलला. त्यांनी नर्सला दोन-तीन गोष्टी भराभर सांगितल्या, एक इंजेक्शन आधी दिलं, मग पलंगाची चाकं मोकळी केली आणि तिला छातीच्या स्कॅनला घेऊन गेले. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार वगैरे काही नव्हते.

दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या होत्या. डाव्या पायातून सुटून गेलेल्या. “आणखी एखादी मोठी सुटली असती तर,” डॉक्टर म्हणाले, आणि पुढचं त्यांनी हातानेच सांगितलं. मग मला म्हणाले, “या वयात आमचंही पटकन लक्ष जात नाही. तुम्ही इतकं बारीक लक्ष ठेवलंत म्हणून. घरात एक असं माणूस पाहिजे.”

दिराने माझे हात धरले आणि तो रडला. सासूबाई बाकावर बसून होत्या, त्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी भिंतीकडे बघत. मला ते हात धरणं, ते रडणं, ते कौतुक, सगळं चोरीच्या दागिन्यासारखं अंगावर टोचत होतं.

बाहेर येऊन मी डॉक्टरांना हळूच विचारलं, “पाय चोळल्यामुळे सुटली का गुठळी?”

“असू शकतं. नसूही शकतं. तशीही सुटते. कुणालाच सांगता येणार नाही. पण सुजलेला पाय चोळू नये, हे खरं.”

चौथ्या दिवशी तिला साध्या वॉर्डमध्ये हलवलं. मी गुंडीला नवऱ्याकडे ठेवून एकटीच गेले. खिडकीशेजारचा पलंग होता. ओठांना रंग आला होता. मी स्टूल ओढून बसले.

“धन्यवाद म्हणणार नाही,” ती म्हणाली.

“नको म्हणूस.”

“हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. रडतात आणि निघून जातात. आई तर येतच नाहीत. तू माझं कपाट उघडलंस.”

“हो.”

“का?”

मोजा, असं म्हणणार होते. तोंडातून निघालं, “तुझं काहीतरी वाईट सापडावं म्हणून.”

ती हसली, हसताना कळ आली म्हणून छातीवर हात दाबून, अर्धवट. “सापडलं की.”

“हसू नकोस. दुखेल.”

“माझ्यावर एवढा कसला राग गं तुला?”

“गुंडी तुझ्याकडे बघून हसते.”

“कवळीकडे बघून हसते ती, येडे. कवळी घेऊन बस तू पण.” तिने डोळे मिटले. थोडा श्वास घेतला. “गोळ्या का घ्यायला लागले माहितीये? तुला बघून.”

“मला?”

“तू नळ सोडून न्हाणीत रडायचीस. आपली भिंत एकच आहे. रात्री उठून गुंडीच्या नाकाशी आरसा धरायचीस. लायब्ररीतली नोकरी सोडलीस, एक पुस्तक उघडताना बघितलं नाही मी तुला त्यानंतर. मला वाटलं, हे असं असतं? मग मला नको. आत्ता तरी नको. ह्यांना सांगितलं असतं तर आईंना कळलं असतं, ह्यांच्या पोटात काही राहत नाही.” ती थांबली. “म्हणून कुणाला विचारलंही नाही. डॉक्टरकडे न जाता दुकानातून आणल्या. माझ्या आत्याला असंच झालं होतं, तेही कुणाला सांगायचं राहिलं.”

इतके दिवस मी तिला बघत होते, आणि भिंतीच्या पलीकडून ती मला ऐकत होती.

“आरसा आता नाही धरत मी,” म्हटलं.

“कधीपासून?”

“परवापासून.”

ती पुन्हा हसणार होती, तेवढ्यात दारातून सासूबाई आल्या. हातात पिशवी, पदर डोक्यावरून घट्ट. चार दिवसांत त्या वाकल्यासारख्या दिसत होत्या. पलंगाच्या पायथ्याशी बसल्या, आणि सवयीने त्यांचा हात पांघरुणावरून तिच्या पायाकडे गेला. मध्येच थांबला. त्यांनी तो स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने दाबून धरला.

“गोळ्यांचं मी काही बोलणार नाही,” त्या म्हणाल्या. “मला एवढंच सांगा. मी तो पाय चोळला म्हणून झालं का हे?”

प्रश्न त्यांनी मला विचारला होता, जावेला नाही. डॉक्टरांशी बोलणारी मी होते. जाऊ माझ्याकडे बघायला लागली. तिला खरं काय ते माहीत नव्हतं. म्हणजे आणखी एक पत्ता माझ्या हातात होता, आणि पहिल्यापेक्षा मोठा. तो टाकला असता तर ‘पोरी’ हा शब्द त्या घरात पुन्हा ऐकू आला नसता. त्या म्हातारीला तो उच्चारताच आला नसता.

“नाही आई,” मी म्हटलं. “मी विचारलं त्यांना. चोळण्याचा काही संबंध नाही. पण आता मात्र चोळायचं नाही, बरं का. कुणाचाच पाय.”

“देवाशपथ?”

“अहो, डॉक्टर बोलले माझ्याशी.”

सासूबाईंच्या तोंडातून एक लांब आवाज निघाला, रडण्याचा की सुटल्याचा कळेना. त्यांनी पदराने तोंड पुसलं, उठल्या, पलंगाच्या कडेने उशाशी गेल्या. “पोरी,” म्हणाल्या, “पोरी गं,” आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिल्या.

मला तिथे स्टुलावर बसून ते बघावं लागलं. माझ्या आत जे व्हायचं तेच झालं, रोजच्यासारखं, तितकंच. मी उठले, पिशवीतला डबा काढला, आणि तिला उठून बसायला मदत करायला पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेले.